मूल कोणाच्या ताब्यात? पंचांचा निवाडा आणि धम्मातील कुटुंब

(पिंपरी येथे उपासक-उपासिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नवराबायकोचे पटेनासे झाले आणि दोघांनी वेगळे राहावयाचे ठरविले, म्हणजे भांडी, दागिने, खोलीचे डिपॉझिट ह्यांची वाटणी होते. ती वाटणी थोडी कमीजास्त झाली तरी पुढे कष्टाने भरून काढता येते. परंतु घरात पाच वर्षांचे मूल असेल, तर त्याने आज रात्री कोणाच्या कुशीत निजावयाचे, उद्या कोणत्या शाळेत जावयाचे, ज्याच्यापासून ते दुरावले त्याला केव्हा भेटावयाचे, ह्याचा निर्णय कोणी करावयाचा? आज मी आपणांपुढे ह्या एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे. ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे त्यांना हा प्रश्न दुप्पट जाचतो. कारण त्यांच्या बाबतीत मुलाच्या ताब्याचा निवाडा करावयास बसलेले पंच आईबापांच्या धर्मांतराचाही निवाडा करू पाहतात.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी असल्या तंट्यांचे उत्तर चावडीवर किंवा समाजाच्या बैठकीत मिळत असे. पंच बसत, दोन्हीकडची माणसे बोलत, काडी मोडली जाई, दंड ठरे आणि फारकत झाली असे जाहीर होई. मुलाविषयीचे गणितही बहुतेक ठिकाणी ठरलेलेच असे. मुलगा बापाच्या घराण्याचा. अंगावर पिणारे पोर दूध तुटेपर्यंत आईकडे आणि पुढे बापाकडे. मूल कोणाला बिलगते, त्याला वेळेवर कोण जेवू घालतो, घरात दारू कोण पितो, शाळेची फी कोण भरतो, ह्याची चौकशी क्वचितच होई. बाईच्या वतीने तिचा बाप किंवा भाऊ बोले. मुलाला तर कोणी विचारीतच नसे.

आपणांस वाटेल की ह्या जुन्या गोष्टी आता कशाला? आपण तर कारखान्यांच्या नगरीत राहतो. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला जवळच देहूरोड येथे पूज्य बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पुढे चिंचवड, भोसरी आणि चाकण येथे कारखाने वाढत गेले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून माणसे आली, भाड्याच्या खोल्यांत राहिली, पाळ्यांत कामे करू लागली. गावची वेस मागे राहिली, तेव्हा पंचही मागे राहिले असतील असे कोणालाही वाटावे. परंतु तसे झालेले नाही. जानेवारी २०१८ मध्ये ह्याच पिंपरीच्या भाटनगरात, कंजारभाट समाजातील नववधूच्या कौमार्यचाचणीला विरोध करणाऱ्या त्याच समाजातील तरुणांना मारहाण झाली. त्या धैर्यवान तरुणांचे आपण ऋणी आहोत. जातपंचायत ही यंत्राच्या धडधडाटाशेजारीही जिवंत राहू शकते, हे त्यांनी सर्व महाराष्ट्राला दाखवून दिले. आपण दुसऱ्या समाजाकडे बोट दाखवावे असे मात्र मुळीच नाही. पंचांची बैठक आपल्याही पूर्वजांनी भरविली आहे आणि तिचा दंडही भरला आहे.

वकील म्हणून माझ्यापुढे येणाऱ्या प्रकरणांचा सांगाडा बहुधा असा असतो. नवराबायको दोघेही चाकणकडे कामाला. त्यांचे बिनसते. बाई मुलाला घेऊन वेगळ्या खोलीत राहते. मग एके दिवशी गावाहून फोन येतो की समाजाची बैठक आहे, दोघांनी यावे. बैठकीत मुद्रांकाच्या कागदावर लिहून घेतात की आजपासून उभयतांचा संबंध तुटला, मुलगा बापाकडे राहील, बाईने त्याला भेटण्याचा हट्ट धरू नये. कागदावर पंचांच्या सह्या, बाईचा अंगठा. आणि त्या दोघांपैकी एकाने धम्मदीक्षा घेतली असेल तर आणखी एक वाक्य ऐकविले जाते: "तू देव सोडलेस, कुळाचार सोडलास, आता आमच्या कुळाच्या मुलावर तुझा हक्क कसला?" बाई कागद घेऊन खोलीवर परतते आणि सर्व संपले असे समजून रडत बसते. तिला कोणी सांगितलेले नसते की त्या कागदाने मुलाचा ताबा ठरत नाही.

तो का ठरत नाही, हे आता क्रमाने पाहू.

पंचांच्या अधिकाराला न्यायालयाने नकार दिल्यास आज जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका फौजदारी प्रकरणात स्पष्ट केले की विवाह रद्द ठरविण्याचा किंवा नवरा जिवंत असता बाईला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने मान्य असलेली फारकत राखून ठेविली आहे, हे मी आपणांपासून लपवीत नाही. परंतु तशी रूढी आहे असे जो म्हणतो, त्याला ती प्राचीन, अखंड आणि लोकहिताच्या विरोधी नसलेली आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. ज्या जातीचा आपण त्याग केला तिच्या रूढीच्या आधारावर धम्मातील माणसाने उभे राहावे काय, ह्याचा विचार आपणच करा. शिवाय रूढीने विवाह तुटला असे क्षणभर मानिले, तरी तेवढ्याने मुलाचा प्रश्न सुटत नाही.

कोणी म्हणेल, दोघांनी आपखुशीने पंचांना लवाद नेमिले तर? व्यापारातले तंटे लवादाकडे जातातच. ह्याचेही उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिले आहे. खटला मुंबईतील सदनिकांवरील कर्जाचा होता, परंतु त्यात न्यायालयाने लवादाकडे न जाऊ शकणारे तंटे कोणते ते सांगितले. घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पालकत्व हे त्यांत नावानिशी आहेत. कारण उघड आहे. लवाद हा दोन पक्षांच्या संमतीवर उभा असतो. आणि मुलाच्या तंट्यात ज्याचे आयुष्य पणाला लागते त्या तिसऱ्याची, म्हणजे मुलाची, संमती कोणीच घेतलेली नसते. त्याच्या वतीने पाहण्यास न्यायालय पाहिजे.

आता न्यायालय पाहते ते काय? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम १३ म्हणते की अज्ञान मुलाचे हित हाच सर्वश्रेष्ठ विचार होय. आईचा हक्क, बापाचा हक्क, आजा-आजीची माया हे सर्व त्याच्या खालचे. कलम ६ प्रमाणे पाच वर्षे पूर्ण न झालेले मूल साधारणतः आईकडे असावे. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून बाप आणि "त्याच्यानंतर" आई असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा नव्हे, तर बाप मुलाकडे पाहत नसेल किंवा दूर असेल तेव्हाही आई पालक होते, असा निर्णय लेखिका गीता हरिहरन ह्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिला. म्हणजे जन्मदात्री म्हणून आई आपोआप जिंकते किंवा कमावता म्हणून बाप आपोआप जिंकतो, असे नाही. समजण्याच्या वयाचे मूल असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेतात. आणि एकदा दिलेला हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती पालटली तर तो पालटून मागता येतो. पंच "शेवटचा शब्द" देतात. मूल मात्र वाढत असते, आज पाच वर्षांचे असलेले उद्या बारा वर्षांचे होते, आणि त्याच्या गरजा बदलतात. म्हणून कायद्याने येथे शेवटचा शब्द ठेविलेलाच नाही.

आता मी ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः उभा आहे तो सांगतो. बौद्ध झाल्याने मुलावरचा हक्क जातो काय?

मुळीच जात नाही. कलम ६ मध्ये अशी तरतूद आहे खरी की जो "हिंदू राहिला नाही" त्याला नैसर्गिक पालक म्हणून वागता येणार नाही. हेच शब्द कोणीतरी अर्धवट वाचतो आणि धम्मात आलेल्या आईला भीती घालतो. परंतु त्याच कायद्याचे कलम ३ वाचा. त्यात सांगितले आहे की हा कायदा बौद्धांना, जैनांना आणि शिखांना लागू आहे, बौद्ध धर्मात आलेल्यांनाही लागू आहे. आणि कायद्यात जेथे जेथे हिंदू हा शब्द येईल तेथे, धर्माने हिंदू नसूनही ज्याला हा कायदा लागू आहे अशा व्यक्तीचाही त्यात समावेश समजावा. तेव्हा ह्या तरतुदीसाठी बौद्ध स्त्री वा पुरुष हा पालकत्व गमावलेला नव्हे. जिने दीक्षा घेतली त्या आईचा आणि ज्याने दीक्षा घेतली त्या बापाचा हक्क कालच्याइतकाच आज आहे.

आपणांपैकी अनेकांना हे ऐकून खटकेल. आम्ही हिंदू नाही, मग हिंदू कायदा आम्हांला का? बौद्धांच्या विवाहासाठी व वारशासाठी स्वतंत्र कायदा असावा ही मागणी जुनी आहे आणि ती करण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. परंतु तसा कायदा होईपर्यंत जो आहे तो नीट वाचून वापरला पाहिजे. "धर्माने हिंदू नसूनही" हे शब्द कायद्यानेच लिहिले आहेत. म्हणजे त्याने आपणांस धर्माने हिंदू म्हटलेले नाही. मुलाच्या ताब्याच्या तंट्यात हेच शब्द धर्मांतरित आईबापांची ढाल आहेत.

त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. जो संन्यास घेऊन संपूर्णपणे आणि कायमचा संसार सोडतो तोही नैसर्गिक पालक राहत नाही. म्हणून कोणी बाप दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरास जाऊन आला आणि सासरच्यांनी त्यास "तू तर भिक्खू झालास" असे म्हटले, तर त्याने घाबरू नये. चीवर उतरवून जो कामावर हजर होतो त्याने संसार कायमचा सोडलेला नाही.

परंतु बंधु-भगिनींनो, ही ढाल आहे. तिची तलवार करू नका. बाप धम्मात आला आणि आई अजून खंडोबाला किंवा मरीआईला नारळ फोडते, म्हणून मूल तिच्याकडून काढून घ्यावे, असे म्हणणारेही मला भेटले आहेत. ते बावीस प्रतिज्ञांचा हवाला देतात. प्रतिज्ञा ज्याने घेतली त्याने पाळावयाची असते. दुसऱ्याच्या कुशीतले मूल ओढण्यासाठी ती घेतलेली नसते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात न्यायालयाने पाहावयाच्या गोष्टींत मुलाचे वय, त्याचा धर्म, पालकाचे शील व कुवत, नात्याची जवळीक अशी यादी आहे. धर्म त्या यादीत एक आहे, आणि सर्व यादी मुलाच्या हिताखाली आहे. जी आई अजून धम्मात आलेली नाही, पण रात्रपाळी करून मुलाचा अभ्यास घेते, तिच्याशी न्यायाने वागणे हाही धम्मच आहे.

ह्या सर्वांच्या मुळाशी एक तत्त्व आहे आणि ते आपल्याच थोर नेत्याने देशाच्या राज्यघटनेत रोविले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेब म्हणाले की ह्या मसुद्याने खेड्याला बाजूला ठेवून व्यक्तीला एकक मानिले, ह्याचा त्यांना आनंद आहे. जात ही माणसाला वाळीत टाकण्याच्या भयाने ताब्यात ठेविते, हे त्यांनी त्यापूर्वी १९३६ सालीच लिहिले होते. व्यक्ती म्हणजे केवळ मिशी फुटलेला पुरुष नव्हे. बाई ही व्यक्ती आहे आणि पाळण्यातले मूलही व्यक्ती आहे. जो पंच मुलाला कुळाची मत्ता समजतो, तो ह्या तत्त्वाच्या विरुद्ध उभा आहे.

आता एक कटु गोष्ट बोलतो. राग मानू नये. जातपंचायत सोडून आलेला माणूस कित्येकदा तीच पंचायत विहाराच्या छपराखाली पुन्हा भरवितो. पंचांच्या जागी विहार समितीचे पदाधिकारी बसतात, दंडाला "देणगी" म्हणतात, आणि मूल कोणाकडे जाईल ते ठरवून टाकतात. हेतू चांगला असेल, परंतु अधिकार नाही, आणि बाईचा भाऊच तिच्यासाठी बोलतो ही जुनी रीतही बहुधा तशीच राहते. असला मोह आपल्याच समाजाला होतो असे नाही. दारुल कझा व फतवे ह्यांना कायद्याचे बळ नाही आणि ते कोणावर लादता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. चर्चच्या धर्मपीठाने दिलेली विवाहमुक्ती देशाच्या घटस्फोट कायद्यावर मात करू शकत नाही, हे २०१७ साली पुन्हा स्पष्ट केले. कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतात १९९१ च्या लवाद कायद्याखाली धर्मपीठे कौटुंबिक तंट्यांचे निवाडे देऊ शकत. इस्लामी धर्मनियमांनी लवाद चालविण्याची मागणी २००३ मध्ये पुढे आली, तेव्हा मुस्लिम स्त्रियांच्या संघटनेनेही विरोध केला, आणि २००६ साली त्या प्रांताने सर्वच धर्मांसाठी एक नियम केला: कौटुंबिक लवाद कॅनडाच्याच कायद्याने झाला पाहिजे, केवळ धर्मनियमाने दिलेला निवाडा बंधनकारक नाही. जे इतरांना लागू ते आपल्यालाही लागू.

आणि तथागतांच्या चरित्रात तरी काय आहे? राहुलाला लहान वयात प्रव्रज्या दिली गेली तेव्हा वृद्ध शुद्धोदनाला अत्यंत दुःख झाले. त्याने भगवंतांना विनंती केली की आईबापांच्या अनुमतीवाचून कोणाच्याही मुलाला संघात घेऊ नये. भगवंतांनी ती मान्य केली आणि तसा विनयाचा नियम केला. संघाच्या संस्थापकाने मुलाच्या बाबतीत संघाच्या अधिकाराला मर्यादा घातली. मग चार खुर्च्या टाकून बसलेल्या समितीने ती मर्यादा ओलांडावी काय?

विहाराला काम नाही असे नव्हे. भांडणाऱ्या दोघांना शांतपणे बसवावे, मुलासमोर शिवीगाळ थांबवावी, बाईला स्वतःच्या तोंडाने बोलू द्यावे. दोघांचे जमले तर जमलेले लिहून घ्यावे: मूल कोणाकडे, रविवारी कोणाकडे, बुद्धपौर्णिमेला आणि १४ एप्रिलला कोणाकडे, उन्हाळ्याच्या सुटीत गावी किती दिवस, शाळेचा खर्च कोणाचा. परंतु तो कागद पेटीत ठेवू नये. तो न्यायालयापुढे ठेवून त्यावर हुकूम घ्यावा. हुकूम झाला म्हणजे तो अमलात आणता येतो. पेटीतला कागद दुसऱ्या दिवशी फिरविला जातो.

आपण म्हणाल, पंच एका रात्रीत निकाल देतात, न्यायालयात तारखांवर तारखा पडतात, कामावर खाडा पडतो आणि वकिलाची फी परवडत नाही. ही तक्रार खोटी नाही. परंतु तिच्यावर उपाय आहेत आणि ते आपण वापरीत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जातीचे लोक आणि औद्योगिक कामगार ह्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातींत गणिले जाते. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकजण कोणत्या ना कोणत्या नात्याने ह्या कलमात बसतात. १५१०० ह्या क्रमांकावर विचारणा करता येते. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात आणि प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे कायद्याने न्यायालयाचेच कर्तव्य आहे. अंतिम निकालास वेळ लागला तरी मधल्या काळासाठी ताब्याचा आणि भेटीचा तात्पुरता हुकूम मागता येतो. मारहाण किंवा छळ होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दंडाधिकारीही मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात.

आणखी काही गोष्टी गाठीला बांधून ठेवा. पंचांच्या कागदावर सही वा अंगठा देऊ नका. दिला असेल तरी सर्व गेले असे समजू नका. पालकत्वाचा अर्ज मूल साधारणपणे जेथे राहते तेथील न्यायालयात करावयाचा असतो. मूल चाकणला वाढत होते आणि कोणी ते एका रात्रीत गावी नेले, तर तेवढ्याने त्याचे राहाते ठिकाण आपोआप बदलत नाही. मात्र महिनोन्महिने वाट पाहत बसू नका. जन्माचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, शाळेचा किंवा पाळणाघराचा दाखला, खोलीचा भाडेकरार जपून ठेवा, कारण मुलाची काळजी कोण घेत होते ते हेच कागद बोलतात. मूल परत मिळविण्यासाठी स्वतः जाऊन त्याला ओढून आणू नका. ओढाओढीत भीती मुलाच्या मनात बसते आणि न्यायालयही ती वर्तणूक ध्यानात घेते. आणि कोणी वाळीत टाकण्याची धमकी दिली तर तक्रार करा. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने, जो २०१७ मध्ये अमलात आला, बहिष्कार घालणे हा गुन्हा ठरविला आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

उपासक-उपासिकांनो, घर मोडणे ही दुःखाची गोष्ट आहे, आणि कोणताही कायदा ते दुःख पुसू शकत नाही. परंतु मोडलेल्या घरातील मूल हे पंचांच्या ओसरीवर वाटणीला काढावयाची वस्तू होता कामा नये. आपल्या विहारात पुढच्या वेळी कोणी बाई असा कागद घेऊन रडत आली, तर निवाडा करावयास बसू नका. तिच्यासाठी एक अर्ज लिहा, आणि पहिल्या तारखेला आपल्यातील दोघेजण एक दिवसाचा खाडा सोसून तिच्याबरोबर न्यायालयाच्या दारापर्यंत जा. ज्या पित्याचे मूल असेच हिरावले गेले असेल त्याच्यासाठीही एवढेच करा.

नमो बुद्धाय. जय भीम.